देवीला विचारायचं अँटिव्हायरस

तुळजापूरला चिंतामणीपाशी रांग होती. या गोल दगडावर हात ठेवून मनातलं विचारायचं. तो उजवीकडं वळला की देवीचा होकार. माझ्या पुढं कळंबचं एक जोडपं होतं. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. माझा मंगळवारचा जप त्यांच्या बोलण्यापाशीच अडला.

"देवीला काय विचारणार हो?"

"कुठलं अँटिव्हायरस टाकू. तीन नावं आणलीत."

"काल कंप्युटरवर लाल पाटी आली, 'सत्तावीस व्हायरस, ताबडतोब फोन करा' म्हणून, तवा विचारलं का देवीला?"

"तवा येळ कुठं व्हता? सेकंद उलटे पळत व्हते."

"दुकानात कुणाला चपला घालून येऊ देत न्हाय, आन् फोनवरच्या अनोळखी माणसाला थेट कंप्युटरमधी घेतलं!"

"लई अदबीनं बोलला गं. सर म्हणला मला."

"आपल्या गौरीनं वायर उपटली म्हणून वाचलात. आता चाळीस पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म आत, उद्या शेवटची तारीख, आन् तुमी कंप्युटर चालू करंनात."

"देवीनं सांगितल्याबिगर न्हाय करणार."

"पोटची लेक सांगायली की, असली पाटी खोटी असती. कंप्युटरमधी अँटिव्हायरस आधीच हाय, त्येच चालू ठेवा, अपडेट करा."

"फुकटचं कुठं चांगलं असतंय, महेश्वरी?"

"आन् ही तीन नावं कुणी दिली?"

"दोन चहावाल्यानं."

"तिसरं?"

"त्या लाल पाटीवरच व्हतं."

"अगं आई! चोराचं नाव देवीम्होरं?"

"ठरवू दे की तिला."

"मग गौरीनं सांगितलेलं बी विचारा."

"त्ये न्हाय विचारणार."

"का?"

"देवी व्हय म्हणली तर?"