शिवेच्या पुढं आलेला सोबती

ऐका. शेकोटीजवळ सरका सगळी, आन आपल्या शेजारी कोन बसलंय त्ये आधी बघून घ्या. हाय की न्हाई वळखीचं? बरं.

तर चैताचं चांदनं व्हतं. नाशकाकडचा एक रिटायर मास्तर, सोहोनी नावाचा, पाठीवर ही एवढी सॅक घिऊन आमच्या आंबेदांडाला आला. साल्हेरापासनं निघालेला, सगळा सह्याद्री पायी तुडवत आंबोलीला चाललेला. एकटा. बायकू वरीसभरापूर्वी गेलेली. घरात बोलायला कोन न्हाई, मग करायचं काय, चालायचं.

माझ्या बानं, कोंडिबा ढेब्यानं, त्याला ठिवून घेतला. नाचणीची भाकरी, ताक, निजायला घोंगडं. अशी घरं त्याला वाटंत रोज भेटली व्हती. पर आपली रीत ठावं हाय ना? पाव्हना निघाला की घरचं मानूस त्याला गावाच्या शिवंपातूर पोचवतं, आन तिथल्या दगडापासनं माघारी फिरतं. मास्तरला तेवढंच सोसायचं न्हाई. चाळीस दिसांत चाळीस येळा फिरलेली पाठ बघायची. मास्तर माझ्या बाला म्हनला, "कोंडिबा, एवढा जीव लावता आणि दगडाशी सोडून जाता. फार एकटं वाटतं हो त्यानंतर."

बा नुसता हसला. त्याला त्या राती ताप भरला व्हता. मास्तरनं त्ये बघितलं. मनात म्हनला, ह्याला पहाटंचं कशाला उठवू. मध्यरातीला गपचिप सॅक उचलली आन निघाला, निरोप न घेता. हितंच चुकला बघा.

करवंदीच्या जाळीपाशी एक गडी उभा. घोंगडी डोईवरनं वढलेली. "चला, पोचवतो," म्हनला. मास्तरला वाटलं, कोंडिबानंच धाडला आसंल. गड्यानं सॅक मागितली, ह्यानं दिली. चालाय लागले. वाळला पाचोळा मास्तरच्या बुटाखाली वाजतोय, गड्याच्या पायाखाली न्हाई. पर मास्तरचं ध्यान कुटं? त्यो सोबत मिळाली म्हनून खुशीत.

शिवंचा दगूड आला. मास्तर थांबला, हात जोडले. गडी थांबलाच न्हाई.

"तुमची हद्द संपली," मास्तर म्हनला.

"मी माघारी फिरत नसतो."

ऐका बरं का. त्या बोलन्यानं मास्तरच्या डोळ्याला पानी आलं. भ्याला न्हाई, उलट पाय उचलून त्याच्या जवळ गेला.

मंग वाट सुटली. रान दाट झालं. गड्यानं मास्तरच्या दुखऱ्या गुडघ्याचं इचारलं. गड्याला त्ये कसं ठावं? आवाज बारीक व्हत गेला, व्हत गेला, आन बाईचा झाला. "अहो, गोळी घेतली का? थोडंच राहिलंय. चला ना." त्याच्या बायकूचा, सुलभाचा आवाज. आता मास्तर पळाय लागला. काटं लागत्यात, सदरा फाटतोय. घोंगडी पुढं, ह्यो मागं. आन पुढं जमीनच न्हाई. खाली निसणीचा कडा. घोंगडी कड्याच्या पल्याड, नुसत्या वाऱ्यावर उभी. हात पुढं केलेला.

तेवढ्यात मागनं कुनी दंड धरला. माझा बा. तापानं फणफणलेला, अनवानी. हातरून रिकामं दिसलं तसा उठला व्हता, पाव्हना पोचवल्याबिगर गेला ह्ये त्याला सोसवंना. शिवंवर आला तर पल्याड पाचोळा वाजतोय. आन माझ्या बानं जल्मात पयल्यांदा राच्याला शीव वलांडली.

दोघंबी मागं आपटले. घोंगडी गेली, सॅक गेली. दुसऱ्या दिशी गावानं दरी धुंडाळली, सॅक काय गावली न्हाई. ताप उतरल्यावर बानं मास्तरला शिवंवर न सोडता पार घोलवाडीपातूर नेलं. तिथल्यांनी त्याला पुढल्या गावात नेऊन दिलं, असा त्यो हाताहातानं आंबोलीला पोचला.

म्हनून सांगते पोरांनो, निसणीच्या कड्याकडं राच्याला पाऊल घालू नका. मागं ओळखीचा आवाज आला तरी न्हाई, पुढं आला तरी न्हाई.

बा मरस्तवर एकच गोष्ट हळू आवाजात सांगायचा. दंड धरला तवा मास्तरला कडा दिसत व्हता. खालची खोल दरीबी दिसत व्हती. तरी त्यो बाच्या हातातनं पुढंच वढत व्हता.