पूल हॉल कसा असावा

पूल हॉल कसा असावा हे मला विचारा, कारण तो कसा नसावा हे सौदीतल्या अबकैकच्या आमच्या कंपनी कॉलनीतल्या काकालोकांनी करून दाखवलंय.

पूल खेळायचं टेबल येणार म्हटल्यावर मी कमिटीच्या देशपांडेकाकांना सांगितलं, "मी पुण्याला हॉस्टेलवर तीन वर्षं खेळलेय. चारही बाजूंना काठी मागे ओढायला जागा सोडा."

"बाळा, आम्ही प्लांट उभे करतो. आणि तुला कुठे तिथे यायचंय? तो पुरुषांचा हॉल आहे."

त्यांनी टेबल मोजलं, खोली मोजली, गालिचा घातला. काठी कोणीच मोजली नाही. उद्घाटनाला आम्हा बायकांना फक्त पेढे वाटायला बोलावलं. काकांनी नेम धरून काठी मागे ओढली, ती भिंतीवर आपटली. चारही बाजूंनी तेच.

"मोठी खोली एकच आहे," मी म्हणाले. "बायकांचा हॉल."

"मग तिथे हलवू," काका म्हणाले.

किल्ली आईकडे असते. ती म्हणाली, "खुशाल हलवा. पण तिथे पुरुषांना यायची परवानगी नाही, भाऊजी."

"अहो, मग आम्ही खेळायचं कधी?"

मी त्यांच्या हातातली काठी घेतली. "ते आमची कमिटी ठरवेल. तुम्ही टेबल उचला, यल्ला, चला लवकर."