काळीपिवळीत झालेलं एकमत

खुल्या बाजारवाले सगळे एकाच सुरात बोलतात म्हणता? मग हे ऐका.

लातूरला भाचीचा साखरपुडा, अन् मी औशाला काळीपिवळी जीपमध्ये अडकलेलो. सीट भरल्याबिगर ड्रायव्हर हलत नव्हता. शेजारी आमचे देशमुख सर अन् कांबळे वकील. सरकारनं बाजारात हात घालू नये, हे दोघांनाबी मान्य. भांडण फक्त 'का घालू नये' यावर.

सर म्हणाले, "माझी वस्तू माझी, ही नीती हाय. तिथं फायदा-तोटा बघायचाच न्हाई."

वकील उसळले, "नुसत्या नीतीनं पोट भरतं का, सर? लोकांचं भलं होतं का, ते तपासून दाखवा!"

"तपासायचं काय त्यात? माणूस कसा वागतो, हे विचार केला तरी कळतं!"

आवाज लई चढला. मागच्या दोन बाया वैतागून उतरल्या अन् एसटीकडं गेल्या. मी नुसता घड्याळ बघत होतो. शेवटी ड्रायव्हर मागं वळला, "तुमच्यापायी गिऱ्हाईक चाललंय. उतरा तिघंबी. जीप माझी हाय."

"अरे, मी तर तोंडबी उघडलं न्हाई!"

सर लगेच उतरले. म्हणाले, "हक्क हाय त्याचा."

वकील म्हणाले, "अन् फायदाबी."

इतक्या वर्षांत दोघांचं भांडणाबिगर पहिल्यांदा पटलं, ते नेमकं माझ्या भाचीच्या साखरपुड्यादिवशी!