गोल झाला, खाली सामसूम

केशव : तो मिक्सर बंद कर बरं जरा.

यमुना : मिक्सर कवाच बंद केला मी. तुमच्याच डोक्यात फिरतोय तो.

केशव : मग ऐकलंस का?

यमुना : काय ऐकू?

केशव : तेच तर. गोल झाला. हा बघ, तिसऱ्यांदा दाखवतायत. लाल जर्सीवाल्यांनी मारलाय, मुख्तारच्या टीमनं. आणि खालून काहीच नाही.

यमुना : मग बरंच झालं की. दर शनिवारी तणतणता ना, मुख्तारभाई आधी ओरडतात अन् माझी मजा घालवतात म्हणून.

केशव : घालवतोच. त्याच्याकडे डिश, आपल्याकडे आपल्या पोरानं, शंतनूनं जोडून दिलेलं हे नेटचं. इंग्लंडातला गोल त्याला आधी दिसतो, आपल्याला अर्धा चहा पिऊन झाल्यावर. खालून आरोळी आली की मी समजतो, आता आपल्याकडे होणार. आज बॉल जाळ्यात गेला आणि मला आधी काही कळलंच नाही. अंगावर काटा आला बघ.

यमुना : गोल बघून काटा येतो व्हय कुणाला.

केशव : मुद्दाम गप्प बसला असेल. आपल्याला कळू नये म्हणून.

यमुना : तोंड दाबून? तो माणूस? गेटपाशी कुत्रीला पिल्लं झाली तवा जिना चढून सांगत आला होता.

केशव : रुसलेला माणूस काहीही करतो.

यमुना : रुसायला तुम्हीच लावलं. भर मीटिंगमधी. रोज्यांचे दिवस, त्यांच्या घरी सांजच्याला दोन माणसं उपास सोडायला यायची. अन् तुम्ही म्हणलात, ज्यांच्याकडं पाहुण्यांची रीघ त्यांनी टँकर आपला आपला मागवावा.

केशव : मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

यमुना : नाव घ्यायला हाय कोण दुसरं? अख्ख्या बिल्डिंगीत आपण, ते, अन् वरचा मिहिर. बाकी कुलपं. पाण्यापायी समदे आपापल्या गावी गेले.

केशव : अगं, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली माझी. पैठणच्या धरणात तळ दिसायला लागला की पुढं काय होतं, ते मी पाहिलंय. पाण्यावर दोन शब्द बोललो तर चुकलो?

यमुना : पाण्यावर नाय बोललात. माणसावर बोललात. त्यांनी एक अक्षर काढलं नाय. आपली खुर्ची उचलली अन् घरात गेले. तवापासून त्यांच्या सोफ्यावरची तुमची बैठक मोडली. त्यांच्या ताहेराची खिचडी अन् चिंचेचा खट्टा बंद झाला. आता इथं एकटे बसता अन् कान खाली लावता.

केशव : तो घरातच आहे. टीव्ही चालू आहे त्याचा. ऐक की, तो इंग्रज कसा घसा फोडतोय.

यमुना : लई मोठा लावलाय आज.

केशव : खिडकी उघडी असेल.

यमुना : टाकीकडची खिडकी हाय ती. ती तर ते कधी उघडत नायत, वास येतो म्हणून.

केशव : यमुने, आता मॅच बघू दे.

यमुना : ताहेरा पैठणला गेलीय. बहिणीकडं. घरी ते एकलेच हायत.

केशव : मग?

यमुना : मघाशी दोरीवरचे कपडे काढताना मी त्यांना खाली पाहिलं. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, एका हातात बादली, खांद्यावर शिडी.

केशव : शिडी कशाला?

यमुना : आज टाकी धुवायची पाळी कुणाची होती?

केशव : हे बघ, चौथ्यांदा दाखवतायत.

यमुना : अहो.

केशव : आपली. पण मी सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं, आज जमणार नाही, कुणीतरी बघून घ्या म्हणून.

यमुना : कुणीतरी म्हंजी कोण? मिहिर तर वाळूजला ड्यूटीवर.

केशव : मला वाटलं, राहील आजच्या दिवस. पाणी तसंच घेऊ.

यमुना : तसंच कसं घ्याल? मागल्या खेपेला पाण्याला सडक्या अंड्यावानी वास मारत होता. खाली जुनी विहीर हाय. बिल्डरनं ती अर्धीमुर्धी बुजवली अन् वर टाकी बांधली. हितं मक्याचं रान होतं तवापासूनचा गाळ उबतोय त्या पोटात.

केशव : मुख्तारनं काही लिहिलं नव्हतं. नुसता अंगठा टाकला होता.

यमुना : मग त्यांनीच उतरायचं ठरवलं की. तुमच्याशी बोलायचं नाय, म्हणून अंगठा.

केशव : म्हणजे तो टाकीत उतरला. आणि मॅच चुकू नये म्हणून टीव्ही मोठा केला, खिडकी उघडली. आत ऐकू यावं म्हणून.

यमुना : व्हय. पण मग गोल ऐकून गप कसे राहिले?

केशव : चप्पल कुठंय माझी?

यमुना : ऱ्हाऊ द्या चप्पल. चला. कठडा धरा, पाय घसरंल. अहो, हॉर्न वाजतोय खाली. टँकर आला.

(खाली, पार्किंगमध्ये. जमिनीतल्या टाकीचं झाकण बाजूला सारलेलं. टँकरवाल्या कचरूनं जाड पाईप आत सोडलेला.)

केशव : बंद कर. पाणी बंद कर आधी.

कचरू : का वो काका? आत्ताच तर कॉक खोलला म्या.

केशव : आत माणूस आहे, कचरू.

कचरू : आत? म्या हाक मारली की. कुनी ओ दिली नाय. म्हनलं धुऊन झालं असंल, वर गेले असतील. घरात टीवीबी चालूय त्यांच्या.

केशव : बंद कर म्हणतो ना.

कचरू : केला, केला. ह्ये बघा, थेंब नाय आता. माय गं. खरंच हाय का कुनी?

यमुना : हा त्यांचा चष्मा. मोबाईल. चपला. समदं कडेला नीट मांडून ठेवलंय, जसं काय दोन मिनिटांत वर यायचंय.

केशव : टॉर्च मार त्या कोपऱ्यात. मुख्तार. ए मुख्तार.

कचरू : दिसले. भिंतीला टेकून बसलेत. मान खाली हाय. पानी कमरंला लागलंय त्यांच्या.

केशव : पाणी कुठलं?

कचरू : माझंच, काका. टँकरचं.

केशव : सर बाजूला. शिडी धर.

यमुना : नाय.

केशव : यमुने, हात सोड.

यमुना : नाय सोडायची. कचरू, तूबी मागं हो. चार पावलं मागं. वास बघ काय येतोय.

केशव : त्याला असाच बघत बसू? तो तिथं पाण्यात आणि मी इथं काठावर?

यमुना : माझा मामा असाच उतरला होता. फुलंब्रीच्या मळ्यातल्या विहिरीत, दुष्काळाच्या साली. आधी गाळ काढायला गडी गेला. त्याला आणाया मामा. मामाला आणाया त्याचा थोरला पोरगा. समदे मायेपायीच उतरले. कुणी घाबरून मागं फिरला असता तर जगला असता. आमची माय मग जल्मभर म्हणायची,
आधी सोड बाई दिवा, मग सोड पाय,
आडाच्या अंधारात कोण बसलंय काय.

केशव : गाणी म्हणायची वेळ आहे का ही?

यमुना : गाणं नाय ते. कचरू, त्यांच्या ओट्यावर मेणबत्ती असती, लाईट जाते म्हणून. घेऊन ये. काडेपेटी तुझ्या खिशात असंलच. बादलीत उभी करून दोरानं सोड. तुम्ही फोन लावा. बंबवाल्यांना लावा.

केशव : हॅलो. हो. माणूस अडकलाय. पाण्याच्या टाकीत. बेशुद्ध आहे. सातारा परिसर, बायपासवरून आत, कमानीच्या पुढं डावीकडे. हो, नवीन वस्ती. नकाशावर नसेल दाखवत. मी कमानीपाशी उभा राहतो, नाही, मी नाही उभा राहू शकत, तुम्ही या. लवकर या.

कचरू : बादली सोडली, काकू. जळतीय. जळतीय अजून.

यमुना : हळू सोड.

कचरू : जळती... गेली.

केशव : वाऱ्यानं गेली असेल.

यमुना : आत वारं असतं तर अजून काय पाहिजे होतं.

कचरू : परत लावू का?

यमुना : नको. कळलं मला, आत हवाच नाय जगायला.

केशव : निघालेत म्हणतात. बायपासवर गाड्या तुंबल्यात. पुलाचं काम चालू आहे.

कचरू : माझ्याकडं आकडा हाय, काका. पाईप वढायचा. दोराला बांधून सोडतो. सदऱ्यात गुतला तर गुतला.

केशव : सोड. डावीकडे घे. अजून डावीकडे. मुख्तार, हात वर कर. नुसता हात वर कर रे.

कचरू : गुतला. बाहीत गुतला बघा. धरा काका, मागून धरा.

केशव : येतोय. येतोय, कचरू. जड आहे. मान वर आली त्याची. यमुने, मान वर आली.

यमुना : दोर गुंडाळून घ्या हाताला. घाई करू नका.

कचरू : फाटली.

केशव : काय?

कचरू : बाही फाटली, काका. आकडा रिकामाच आला.

केशव : पुन्हा सोड.

यमुना : आकडा माझ्याकडं दे. तू त्यांच्या घरातला उभा पंखा आण, वायर लांब हाय त्याची. टाकीच्या तोंडाला लाव. अन् गेटपाशी कडुलिंब हाय, त्याची मोठी डहाळी मोडून आण. आत वर-खाली करायची. हवा हालली पाहिजे.

कचरू : आणतो. घरात चाललोच हाय तर टीवी बंद करू का?

केशव : नको.

कचरू : लई कालवा होतोय, म्हनून म्हनलं.

केशव : राहू दे, कचरू. त्याला आवाज असू दे.

यमुना : तुम्ही बोला त्यांच्याशी.

केशव : काय बोलू? रोज्यांपासून एक शब्द नाही आमच्यात.

यमुना : आधी जे बोलत होता तेच बोला. आकडा मी सोडते. तुम्ही तोंड इकडं करा, आत नका वाकू.

केशव : मुख्तार. मी आहे, केशव. गोल झाला, कळलं का तुला? त्या सोळा नंबरवाल्यानं मारला. तूच म्हणायचास ना, ह्याला बाकावर बसवून कुजवतायत. आज उतरवला त्याला, आणि कुठून मारला म्हणतोस, पार कोपऱ्यातून. डाव्या पायानं. गोलकीपर नुसता बघत राहिला. मी चहा तसाच धरून बसलो. एकट्याला काय चव त्याला. तू ओरडला असतास तर मी आदळआपट केली असती, यमुना हसली असती, झालं असतं.

यमुना : बोला. थांबू नका.

केशव : माझ्या पाळीला तू कशाला उतरलास? शिवी द्यायचीस ग्रुपवर. वर येऊन दार वाजवायचंस. मी वाट बघत होतो रे. दर शनिवारी वाटायचं, आज हा येईल आणि म्हणेल, केशवराव, सोफा रिकामा आहे. मी स्वतः काही आलो नाही. दोन जिने तर होते.

कचरू : पंखा लावला, काकू. डहाळीबी आणली. काका, त्यांची बोटं हालली का आत्ता?

केशव : कुठं?

यमुना : पंख्यानं पाणी हालतंय ते.

कचरू : नाय, म्या बघितलं की...

यमुना : पाणी हालतंय, कचरू. तू डहाळी हालव.

केशव : बंबाचा आवाज येतोय का?

कचरू : दुसरा टँकर हाय तो. पलीकडच्या बिल्डिंगीचा.

यमुना : अहो, मोबाईल वाजतोय. त्यांचा.

केशव : कोण आहे?

यमुना : ताहेरा हाय.

केशव : उचल.

यमुना : काय सांगू तिला?

केशव : सांग, टाकीपाशी आहे. सांग, मी आणि तो बोलत बसलोय.