क्रेनवाल्याचं शिफारसपत्र

टायपिंगच्या दुकानात रांग अडली होती, आणि प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला आलेल्या इंग्रजीच्या बाईंना पुढचं बोलणं ऐकत उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“मुकादम, मी ‘ओबीडियंट’ टाकलंय. सगळ्या शिफारसपत्रांत तेच असतं.”

“म्हणजे काय, ताई?”

“आज्ञाधारक.”

“खोडा आधी! आमचा क्रेनवाला आणि आज्ञाधारक? भर कामात माझा शब्द धुडकावला त्यानं.”

“मग ‘डिलिजंट’ करू? कष्टाळू.”

“कष्टाळू तर आमचा पाण्याचा पंपसुद्धा आहे.”

“अहो, पण जो तुमचं ऐकत नाही त्याची शिफारस करताय कशाला?”

“दुसरीकडे मोठ्या जागेवर जातोय तो. त्या दिवशी क्रेनच्या साखळीची एक कडी झिजलीय म्हणाला. मी खालून ओरडलो, उचल लोखंड, वेळ नाही. पठ्ठ्यानं क्रेन बंद केली, खाली उतरला आणि डबा खात बसला. चारचौघांत मी त्याला नाही नाही ते बोललो.”

“आणि साखळी?”

“दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत ताण देऊन बघितली. तुटली.”

बाईंना राहवेना.

“‘डिपेंडेबल’ लिहा,” त्या मागून म्हणाल्या.

“त्याचा अर्थ काय हो, बाई?”

“ज्याच्या भरवशावर डोळे मिटून उभं राहता येतं, असा माणूस.”

“टाका, ताई, तोच टाका. त्या दिवशी त्यानं लोखंड उचललं असतं, तर खाली मीच उभा होतो.”