सतरा जणांचे कान

— या बाजूनं नको मॅडम, डावीकडून बोला. उजवा कान नुसता शोभेचा आहे. चष्म्याची काडी अडकवायला होतो, बाकी त्याचा उपयोग नाही. आणि माझ्याकडे तोंड करून बोलाल का? म्हणजे ओठांवरून मला निम्मं कळतं आणि उरलेलं निम्मं मी जुळवून घेतो. गणितातली डॉक्टरेट आहे माझी — बढाई नाही मारत, अपुऱ्या माहितीवरून उत्तर काढायची सवय आहे एवढंच सांगतोय. उत्तर बरोबर येतं असं नाही. काय म्हणालात? बसू? बसतो. खोली केवढीशी हो ही! भिंतींना सगळीकडे गादी लावलीय. तुम्ही बाहेर जाणार, दार लावणार, त्या काचेपलीकडे बसून मशीन चालवणार, आणि मला टूं असा आवाज आला की मी हे बटण दाबायचं. माहितीय मला. पूर्वी एकदा दिलीय ही परीक्षा. पास झालो होतो. तीच तर अडचण आहे.

तुम्ही आधी तुमचा फॉर्म भरा. मी गप्प बसतो.

ती बाहेर बाकावर बसलीय ना, निळी शाल पांघरून — ती माझी बायको. तिनं तुम्हाला काही विचारलं का? नाही? विचारेल. तिला धाप लागते, म्हणून ती कमी बोलते हल्ली, नाहीतर आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडेच होतं. तिच्या हृदयाची झडप बदलायचीय. खरं म्हणजे आज जी परीक्षा आहे ती माझ्या कानाची नाहीच, तिच्या झडपेची आहे. तुम्हाला नियम ठाऊकच असतील — मला पाठ आहेत, तरी चुकत असेन तर थांबवा. निवृत्त सैनिकाला तीन वाटा. पहिली, पहिला वर्ग: नोकरीमुळे अपंगत्व आलं असं सिद्ध झालं तर नवरा-बायको दोघांचेही उपचार सैनिकी रुग्णालयात, दुसऱ्या दिवसापासून. दुसरी, साधा वर्ग: त्यात मी एकटा, बायको नाही. म्हणजे तीस वर्षं माझ्या बदल्यांमागं भांडीकुंडी गुंडाळत फिरली ती कोण, तर ती कुणी नाही. आणि तिसरी, मुलीच्या कंपनीचा विमा. त्यात आईला घेतात, पण जुन्या दुखण्याला नऊ महिने थांबा म्हणतात. सर्जन म्हणाले, सहा महिने सहज निघतील. सहज. मी तो शब्द वहीत लिहून ठेवलाय. नऊ वजा सहा, तीन. डॉक्टरेट लागत नाही याला.

मी तक्ता केला होता या तिन्ही वाटांचा. तीन रंगांत. शक्यता, धोका, मुदत — अकरा पानं झाली. बायको म्हणाली, झडपेचं राहू दे, तुमचा तक्ता वाचूनच बंद पडेल माझं हृदय. मुलगी म्हणाली, बाबा, पहिला वर्ग मिळतोय ना, मग विचार कसला करताय? तुम्ही तोफखान्यात होतात, तुम्हाला ऐकू येत नाही. आंधळ्यालाही दिसेल. मी म्हटलं, कागदाला दिसत नाही ना.

कागद म्हणतो, निवृत्तीच्या वेळी दोन्ही कान उत्तम — त्या जुन्या परीक्षेवरूनच उतरवून घेतलेलं. उत्तम! तोफांच्या शेजारी अठरा वर्षं उभा राहिलेला माणूस, आणि कान उत्तम. मांजराला दुधाची राखण दिली आणि दूध उत्तम. कुणी विचारलं नाही. तुमच्या वरच्या साहेबांनी परवा विचारलं — म्हणाले, निवृत्तीनंतर बिघडला असेल, वयानं बिघडतात. वय आहेच की. माझं वय मला मान्य आहे. म्हणाले, फेरतपासणी करून घ्या, कोणत्या पट्टीतले आवाज गेलेत ते पाहून तोफेचा बहिरेपणा वेगळा ओळखता येतो. म्हणून आज इथं.

हसू नका हं, पण एक विनंती आहे. पलीकडे बसाल तेव्हा खुर्ची जरा फिरवून घ्याल? नाहीतर काचेतून मला तुमचं कोपर दिसेल. — नाही, तसं काही नाही, तुमचं कोपर छान आहे. पण कोपर दिसलं की मी पास होईन. खोटं नाही सांगत. तेव्हाचा जो तपासनीस होता ना, बुटका, सतत पेपरमिंट चघळायचा — तो आवाज सोडायचा तेव्हा त्याचं डावं कोपर एवढंसं वर यायचं. टेबलाच्या कडेवर. मला पहिल्या मिनिटात कळलं. आवाज येवो न येवो, कोपर हललं की बटण. शंभरातले सत्त्याण्णव गुण. तीन मुद्दाम चुकवले. शंभर पडले तर संशय येतो, संख्याशास्त्राचा साधा नियम आहे.

का म्हणजे? कान गेले म्हटलं की तोफेवरून उचलायचे आणि कोठारात बसवायचे. ब्लँकेटं मोजत. बढती बंद. आमच्यात ताप आला तरी कुणी सांगायचं नाही, कान तर सोडाच. सगळेच लपवायचे. फक्त लपवायचं कसं ते कुणाला येत नव्हतं — आणि मास्तर होते ना. मला मास्तर म्हणायचे सगळे. मास्तर, उद्या आमची कानाची तपासणी आहे, काय करू? मी फळ्यावर काढून दाखवलं. हे टेबल, ही काच, हे कोपर. सोळा जण समोर बसले होते, आणि प्रत्येकाला सांगितलं, तीन चुकवा, पण वेगवेगळ्या ठिकाणी. आयुष्यात इतका चांगला तास मी कधी घेतला नाही. कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, तिथं पोरं झोपायची.

सगळे पास. सतरापैकी सतरा.

ढोल्याही पास. ढोल्या म्हणजे आमचा गोळा भरणारा, अंगानं हा एवढा, कानानं सगळ्यात वाईट. त्याला हाक मारली की ओ यायची ती शेजारच्या तुकडीतून. त्याला मी दोनदा शिकवलं, वेगळं बसवून, कारण तो घाबरायचा. आठ दिवसांनी सराव होता. गोळा भरल्यावर मागं सरा म्हणून हुकूम होतो — तोफ उडाली की नळी मागं येते ना, झटक्यानं, तिच्या वाटेत उभं राहायचं नसतं. हुकूम झाला. मी दिला. सगळे सरले. तो आपला वाकून काहीतरी पुसत होता.

खांद्यापासून गेला हात. उजवा.

चौकशी झाली. हुकूम स्पष्ट होता का? होता. कान कसे आहेत? कागद काढला — आठ दिवसांपूर्वीचा, उत्तम. मला विचारलं, तुम्हाला कधी वाटलं का याला कमी ऐकू येतं? मी म्हणालो, तपासणीचा अहवाल सामान्य आहे. वाक्य खरं आहे, तपासून बघा, एकही शब्द खोटा नाही. त्यांनी लिहिलं: ऐकू येऊनही हुकूम पाळला नाही, स्वतःचा निष्काळजीपणा. स्वतःच्या निष्काळजीपणाला पहिला वर्ग नाही. साधाही नाही. त्याला घरी पाठवलं, आणि मला चार महिन्यांनी बढती आली.

आहे ना, जिवंत आहे. बहिणीकडे राहतो. दर महिन्याला फोन असतो आमचा. दोघेही बोलतो. ऐकत कुणीच नाही. त्याची बहीण म्हणते, तो माझ्याबद्दल फार चांगलं बोलतो — मास्तरांनी मला पास केलं म्हणतो. गेल्या वर्षी त्याच्या राहिलेल्या हातात कसलीशी गाठ आली, ती आहे तशीच आहे, कारण दाखवायची कुठं? त्याच्या वाटा किती, तर एकही नाही. त्याचा तक्ता करायला घेतला होता मी. अर्धं पानसुद्धा झालं नाही.

तुम्ही काय लिहिताय एवढं? तारीख नाव वय — ते तर केव्हाच झालं असेल. दाखवा. रुग्णाने सांगितलेला पूर्वेतिहास. बरं. कोपर… फळा… सोळा जण… अहो, हे सगळं लिहिलंत? शाईनं? नाही, तुमची चूक नाही, रकानाच आहे तसा. मीच गप्प बसतो म्हटलं होतं. पण हे वर गेलं तर तपासणीत फसवणूक झाली म्हणून माझा पहिला वर्ग — हं. बरोबर. मान हलवू नका, मला नियम पाठ आहेत.

हे काय? कोरा फॉर्म?

नाही, समजलं. फार भल्या आहात तुम्ही. तुमच्या वडिलांसारखा वाटत असेन मी. कोऱ्यावर सही करायची, ऐकू येतं ते दाबायचं, येत नाही ते सोडायचं — आज तर तेही खरंच असणार. तिची झडप बसेल. मग सावकाश, ती बरी झाली, की ढोल्याचं सांगून टाकायचं. असं मी किती वर्षं म्हणतोय सांगू? आधी बढती होऊ दे. मग मुलीचं शिक्षण. मग निवृत्ती सुखरूप होऊ दे. मी भित्रा आहे की हिशेबी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायको म्हणते, दोन्ही. तिला अर्धंच ठाऊक आहे. अर्ध्यावरूनच म्हणते.

तिला विचारून येऊ का? नको. ती म्हणेल तुम्हाला हवं ते करा, आणि मग धाप लागेल.

द्या तो. कोरा नाही हो — भरलेला. एक चूक आहे यात. सोळा जण लिहिलंय तुम्ही. सोळा शिकले, खोटे पास झाले सतरा. सतरावा शिकवणारा. तो आकडा दुरुस्त करा आणि बाजूला त्याचं नाव लिहा, ढोल्या नाही, खरं नाव, मी सांगतो, आणि त्याच्या बहिणीचा नंबर. फोन त्याला उचलायला देऊ नका, ऐकू येणार नाही. सही इथं? दोन्ही प्रतींवर? मुलीच्या कंपनीचा अर्ज आज संध्याकाळीच भरतो, नऊ महिने आजपासूनच मोजायला लागतील, आणि सर्जनना पुन्हा विचारतो, सहज म्हणजे नक्की किती. बाहेर तिला तुम्ही काही सांगू नका. मी सांगेन. ती ओरडेल, आणि नेमकं तेवढं मला ऐकू येईल.

मग आता ही तपासणी कशाला करताय? — नियम. बरं, बरं. लावा दार.