तेच बिस्किट सहा वेळा

बाबा : तुझा कॉम्प्युटर बावचळलाय. ही त्यानं दिलेली यादी बघ, तिसरा घाणा, सातवा, अकरावा... सगळीकडे तेच माप! सहा वेळा तेच बिस्किट!

लेक : बावचळला नाही, बाबा. मुद्दामच आहे ते.

बाबा : एकदा भाजलं की कळलं. माझ्या बेकरीत मलाच घोकंपट्टी?

लेक : मुळापासून सांगते. नव्या भट्टीत बिस्किटं कडेला करपतात आणि आत मऊ राहतात. बरोबर?

बाबा : जखमेवर मीठ चोळू नकोस.

लेक : आपल्या हातात तीन गोष्टी. आच, वेळ, लोणी. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, ते तुम्ही सांगितलंत, मी सॉफ्टवेअरमध्ये भरलं. त्यानं वीस घाणे आखून दिले. आठांत तिन्ही गोष्टी कमी-जास्त, सहांत एकच गोष्ट पार टोकाला नेलेली, आणि सहा अगदी मधले, तुमच्या अंदाजाच्या मापाचे.

आत्या : आणि वीसही घाणे मी खायचे?

लेक : खायचे नाहीत आत्या, चावायचे. डबा कुठला ते तुला सांगणार नाही. कुरकुरीतपणाला दहापैकी मार्क द्यायचे.

आत्या : साठी उलटल्यावर का होईना, माझ्या दातांची कुणाला किंमत कळली!

बाबा : आणि हा क्रम? आधी कडक आच, मग मंद, पुन्हा कडक. पत्ते पिसल्यासारखा! मी लावून घेतो ओळीनं. मंद आधी, मग चढवत न्यायची.

लेक : हात नका लावू! भट्टी दिवसभर तापत जाते. ओळीनं केलंत, तर गुण आचेचा की दुपारचा, ते कसं कळणार?

बाबा : बरं बाई. पण ते सहा?

लेक : तेच माप तुम्ही सहा वेळा नव्यानं केलंत, तर किती फरक पडतो ते त्याला बघायचंय.

बाबा : म्हणजे माझा हात तपासणार ते.

लेक : हो.

बाबा : ...ठेव यादी इथं. पण सांगून ठेवतो, सोमवारपर्यंत जमलं नाही, तर शटर उघडणार नाही. बोर्ड उतरवणार. चाळीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला मऊ बिस्किट देणार नाही मी.

(तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. पीठ मळायच्या टेबलावर वीस डबे.)

लेक : हा शेवटचा. आत्या?

आत्या : थांब, घोटभर पाणी पिऊ दे... सात.

लेक : सात. अरेच्चा! मधल्या सहाही डब्यांना सात? आत्या, आळस केलास ना?

आत्या : ए, माझ्या दातांवर शंका घेऊ नकोस. ही सहाही एकाच घटकेला जन्मलेली आहेत, लिहून घे.

लेक : बाबा... वर काय बघताय?

बाबा : पंख्याला जळमटं लागलीत.

लेक : बाबा!

बाबा : एकच घाणा केला. सहा डब्यांत भरला. तेवढीच वीज वाचली.

आत्या : वीज! जन्मात कधी दिवा मालवला नाहीस तू. खरं काय ते बोल.

बाबा : अक्का, हात कापतो माझा. वर्ष झालं. लोणी घेताना चमचा हलतो. म्हटलं, कळायचं तर एक दिवस कळेलच, पण लेकीच्या स्क्रीनवर नको.

लेक : मला आधी का नाही सांगितलंत?

बाबा : बेकरीवाल्यानं हात कापतो म्हणून सांगायचं? मग उरलं काय त्याचं?

आत्या : वेडाच आहेस. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही मांजरावर ढकललंस.

लेक : बाबा, हे सहा खरे नसतील तर बाकीचे चौदा फुकट. आठ आणि सातमधला फरक आचेचा की हाताचा, हे त्याला या सहांवरूनच कळतं. उद्या पाच घाणे परत. प्रत्येकाचं पीठ वेगळं.

बाबा : आणि वाईट निघाले तर?

लेक : तर लोणी मी मोजेन. बोर्ड जागचा हलणार नाही.

* * *

आत्या : पाचव्यालाही सात. आता माझ्या जबड्याला रजा द्या.

लेक : कालचा एक धरून सहा झाले. सात, सात, आठ, सात, सात, सात.

बाबा : तो आठ कुठून आला?

आत्या : तेव्हा मला भूक लागली होती.

लेक : बाबा, मी काम करते त्या लॅबमधली मशिनंसुद्धा इतकी जवळजवळ येत नाहीत. चमचा हलत असेल, बिस्किट हलत नाही!

बाबा : खरं सांगतेस, की माझं मन राखतेस?

लेक : मन राखायचं बटण नाही यात. आता इकडे बघा. आत्याच्या मार्कांवरून स्क्रीनवर काढलेली ही टेकडी. जितकं वर, तितकं कुरकुरीत. माथा कुठंय?

बाबा : अगं, माझ्या मापाच्या शेजारीच की!

लेक : आच जरा कमी, दोन मिनिटं जास्त, लोणी तुमचंच. नऊच्या वर जाईल म्हणतोय.

बाबा : मग बोलत काय बसलोय? पीठ घेतो मी. तू आच लाव.

आत्या : मी माझे दात घासून येते.

लेक : ...झाली वेळ. काढा, बाबा. आत्या, आज डोळे उघडे ठेवून चाव.

आत्या : कट्ट! ऐकलंत? शेजारी दचकले असतील! साडेनऊ. अर्धा मार्क हातचा राखते, नाहीतर हा हवेत तरंगेल.

लेक : उद्या सोमवार. शटर किती वाजता उघडायचं?

बाबा : साडेपाचला. आणि ऐक, ते सहा आकडे एका कागदावर लिहून दे मला.

लेक : ते कशाला? नवं माप लिहून देते की.

बाबा : माप राहील लक्षात. ते सहा दे. खिशात ठेवतो.